पकडीत आलेली अमानत

कबड्डीत टाळ्या बहुधा चढाई करणाऱ्याला मिळतात. पण माणसाची पारख होते ती पकडीत. एकटा गडी दम धरून समोरच्यांच्या अंगणात शिरतो. तिथं जास्तीत जास्त ७ जण त्याची वाट पाहत असतात. ३० सेकंदांत, तोंडानं ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत त्याला कुणाला तरी शिवून परतायचं असतं. एकदा का त्याला धरलं, की पुढचे काही क्षण त्याचं शरीर त्याच्या स्वाधीन राहत नाही. ते धरणाऱ्यांच्या हातात असतं.

आमच्या घरात ‘अमानत’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडायचा. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव; जशी घेतली तशीच परत करायची. पकडीत आलेला गडी मला अशीच अमानत वाटतो.

नियम करणाऱ्यांनाही याची जाणीव असावी. हुतुतू नावाचा आपला रांगडा खेळ नियमांत बसला, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तो बर्लिनमध्ये दाखवला आणि १९९० साली तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला. शंकरराव तथा बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य वेचलं. या खेळाचा नियम सांगतो, की गड्याला धरायचं ते हातापायांना किंवा धडाला. तोंड दाबून, गळा आवळून त्याचा दम तोडायचा नाही. पायांची कैची घालायची नाही. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको. धसमुसळेपणा केला तर पंच हिरवं कार्ड दाखवून ताकीद देतात, पिवळं दाखवून २ मिनिटं बाहेर बसवतात, लाल दाखवून सामन्यातूनच काढतात.

पण कार्ड निघतं ते इजा झाल्यावर. ती टाळणं खेळाडूच्याच हाती असतं. घोट्याची पकड करताना डोकं चढाईवाल्याच्या गुडघ्यासमोर न्यायचं नाही. ते बाजूला ठेवायचं, नजर वर ठेवायची. मांडी धरताना खांदा आणि छाती भिडवायची, डोकं नव्हे. लांबून झेपावण्यापेक्षा अंतर कमी करून धरावं. साथीदार मदतीला आले, तर त्यांनी गड्याला रोखावं. उचलून आपटू नये, अडकलेला गुडघा पिळू नये.

डोक्याची ही गोष्ट सातासमुद्रापार फार महाग पडून शिकली गेली. अमेरिकन फुटबॉलमध्ये शिरस्त्राण आलं आणि त्याच्या भरवशावर खेळाडू डोकंच पुढं करून प्रतिस्पर्ध्यावर आदळू लागले. मानेचे मणके मोडून तरुण मुलं कायमची लुळी पडली. १९७६ साली शाळा-कॉलेजांच्या खेळात अशा धडकेवर बंदी आली आणि त्यानंतर हे प्रकार झपाट्यानं घटले. आपल्या गड्याच्या डोक्यावर तर काहीच नसतं.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पकड घरोघरी टीव्हीवर संथ गतीत दिसू लागली. आमच्या नवघरातली पोरंही ती पाहतात. पण पडद्यावरचा खेळ मॅटवर, वर्षानुवर्षं कमावलेल्या शरीरांचा असतो. गल्लीतल्या कडक जमिनीवर, १२ वर्षांच्या पोरानं तसंच उचलून टाकलं, तर हाड मोडायला कितीसा वेळ लागतो? म्हणून शिकवणाऱ्यानं आधी पडायला शिकवावं, मग पकडायला. आणि पडलेला मुलगा मान दुखते किंवा हातापायांत मुंग्या येतात म्हणाला, तर त्याला ओढून उठवू नये. मान हलू न देता डॉक्टरी मदत बोलवावी.

मी कवी माणूस, शब्दावर जगणारा. चढाईवाल्याकडेही त्या वेळी एक शब्द आणि एक दम, एवढंच असतं. तो दम नियमानं संपवा, त्यात पकडीचं कसब आहे. यापुढं मैदानाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा गुण कुणाला मिळाला एवढंच पाहू नका. शिट्टी वाजल्यावर हात किती लवकर सुटतात आणि पडलेल्याला उठवायला पहिला हात कुणाचा पुढं येतो, तेही पाहा.