धाब्यावरची माती

मेहकरचे जुने गाव टेकडीच्या उतारावर वसले आहे. पायथ्याशी पैनगंगा आणि तिथून वर चढत गेलेल्या अरुंद गल्ल्या. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून या गावाची नोंद आहे. बाहेरून येणारा माणूस 1888 साली जमिनीतून निघालेल्या शारंगधर बालाजीच्या भव्य काळ्या मूर्तीचे दर्शन घेतो, कंचनीचा महाल पाहतो आणि परततो. मी रोहिणी नक्षत्रात गेलो होतो ते धाबी, म्हणजे जुन्या घरांची मातीची सपाट छपरे, पाहायला. मृगाच्या आत धाब्यावर माती पडली पाहिजे, हा इथला जुना नेम.

ज्या घरी काम चालले होते त्याच्या शेजारचे घर पडलेले होते. त्यामुळे धाब्याची सगळी रचना उघडीच दिसत होती. खाली सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेल्या लाकडी किलचा. त्यांवर तुराट्या आणि निंबाचा पाला, कारण निंबाने वाळवी दूर राहते. मग काळ्या चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर पांढुरकी खारी माती.

शिडीने वर गेलो. घरातले आजोबा आणि त्यांची सून आधी धाबे झाडून काढत होते. गवताची मुळे त्यांनी विळ्याने उकरून काढली. मुळापाशी भेग पडते आणि पाणी तिथूनच घरात उतरते. उंदरांची बिळे ओल्या चिखलाने ठासून बुजवली. धुराड्याभोवतीचा कंगोरा पुन्हा उंच केला. पन्हळीत अडकलेला पाला हाताने काढला. जुनी फुगलेली मातीही थोडी खरवडली. “नुसती वर वर घालत गेलं तर तुळई वाकती,” आजोबा म्हणाले. दरवर्षी थर चढवत जायचे आणि खालचे ओझे विसरायचे, यानेच पुष्कळ घरे बसली.

मग खारी माती आली. ती चाळून कोरडीच पसरतात. आजोबा फावड्याने ओढत होते, सूनबाई अनवाणी पायांनी दाबत होत्या. कुठे पोकळ आहे ते टाचेला आधी कळते. उतार पन्हळीकडे इतका हलका ठेवायचा की पाणी थांबू नये आणि मातीही वाहू नये. शेवटी चोपणीने सगळीकडून चोपले. पक्की बसणी मात्र पहिल्या सरीनेच होते.

शेतातली काळी माती सर्वांत वरच्या थराला का चालत नाही? ती भिजली की फुगते, वाळली की फाटते. खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाणी लागताच तिचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. वरचा थर पाणी धरत नाही, पुढे सरकवतो. पीक जिच्यात नीट येत नाही, तीच माती माणसाच्या डोक्यावरचे छत राखते. शिवाय एवढ्या जाड थरामुळे वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातही खालची खोली गार राहते. आत जाऊन बसलो तेव्हा पंखा बंद होता आणि तो लावावासाही वाटला नाही.

इटलीत चिविता दी बान्योरेज्जो नावाचे असेच टेकडीवरचे मध्ययुगीन गाव आहे. खालचा मऊ खडक झिजत असल्याने ते खचते आहे, आणि 2013 पासून तिथे येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. आपल्याकडच्या धाब्यांना धोका खडकाचा नाही, हात थांबण्याचा आहे. दोन-तीन पावसाळे माती पडली नाही की किलचा कुजतात आणि घर खाली येते. माती वाहणारी गाढवे कमी झाली, चोपणारी माणसे म्हातारी झाली. ज्याला जमेल तो स्लॅब टाकतो, आणि गळक्या छताखाली पावसाळे काढलेल्या घराला त्यासाठी दोष देता येणार नाही.

पण जे धाबे अजून उभे आहे, ते टिकवणाऱ्याला मदत मिळायला हवी. वारसा म्हणून आपण मंदिरे आणि महाल मोजतो. त्या यादीत गल्लीतले एक नांदते धाबेही धरावे, मृगाच्या आधी त्याच्या मातीची मजुरी द्यावी, आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी आजोबांसारख्यांच्या हाताखाली एक दिवस घालवून हे काम लिहून ठेवावे. ते जाणणारे हात आहेत तोवरच हे शक्य आहे.