मिठाने गिळलेला प्रकाश

नीरा डाव्या कालव्याखाली बारामती-इंदापूरकडच्या काही जमिनी खारावल्या. त्यामुळे क्षार आपल्याला वैरीच वाटतो. तरी आज आम्ही मिठाचीच कैफियत मांडीत आहोत.

मिठाच्या पारदर्शक स्फटिकातून क्लोरीनचा एक आयन निखळून त्याच्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकला, की तेथे दोष निर्माण होतो. असे दोष पुष्कळ झाले म्हणजे ते निळा प्रकाश गिळतात व स्फटिक पिवळा दिसतो. गिळलेली ऊर्जा जाते कोठे? थंड केलेले पोटॅशियम क्लोराइड तिचा काही भाग अवरक्त प्रकाशरूपाने परत देते. सोडियम ब्रोमाइड देत नाही. १९५५ साली डेक्स्टर, क्लिक व रसेल यांनी उपपत्ती मांडली: इलेक्ट्रॉन उत्तेजित होताच भोवतालचे आयन हेलकावतात आणि त्या हेलकाव्यातच तो मूळ पातळीवर उतरतो. ऊर्जा कंपनांतून स्फटिकभर पसरते. प्रकाश फुकट जात नाही. त्याची ऊब होते.