साधे पान, सुवाच्य मजकूर

धर्मग्रामाच्या वार्ता, मिस्साबलिदानाच्या वेळा व निधनवार्ता आता छापील पत्रकाआधी मोबाइलवर पोहोचतात. असा मजकूर तयार करणाऱ्यांच्या मनात एक समज असतो की पान जितके सजवावे तितके ते चांगले. रंगीत पार्श्वभूमी, फुलांच्या चौकटी, हलणारी मेणबत्ती आणि या सर्वांच्या मध्ये कोठेतरी मजकूर. आमचे मत याच्या उलट आहे. साधे पान हेच वाचकाचे खरे आदरातिथ्य होय. त्याची कारणे व रीत येथे थोडक्यात मांडीत आहोत.

परंपरा काय सांगते?

संदेष्टा हबक्कूक याला दृष्टान्त पाट्यांवर ठळक लिहिण्याची आज्ञा झाली, ती धावत्या माणसालाही वाचता यावे म्हणून. सुवाच्यतेचा विचार असा पवित्र शास्त्रातच आढळतो.

संत जेरोम यांच्या काळी लॅटिन हस्तलिखितांत शब्द एकमेकांस चिकटून लिहीत. मोडी दस्तऐवज पाहिलेल्यांना त्याची कल्पना येईल. यशयाच्या ग्रंथाचा अनुवाद करताना जेरोम यांनी प्रत्येक अर्थपूर्ण वाक्खंड स्वतंत्र ओळीवर मांडला. तो पद्य वाटावा हा हेतू नव्हता. वाचकाची सोय व्हावी एवढाच हेतू होता, आणि प्रस्तावनेत त्यांनी तसे स्पष्ट केले. शोभेसाठी त्यांनी काही जोडले नाही, फक्त जागा सोडली.

आपल्या मराठीचा अनुभव अधिक बोलका आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. येथील लिपीत ग्रंथ छापावेत अशी त्यांची अनेक वर्षांची तळमळ होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी अडचणही सांगितली आहे : रोमन लिपीला २४ साचे पुरतात, तर येथील लिपीला सुमारे ६०० लागतील. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली, ती १९५६ साली.

अक्षरे हरवतात कशी?

साच्यांची ही अडचण संगणकाच्या आरंभकाळात निराळ्या रूपाने परत आली. त्या काळी अनेक मराठी पानांत आत साठवलेली अक्षरे रोमन असत, व विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. अशी कित्येक पाने आजही शोधयंत्राला सापडत नाहीत. कोणाच्या गुरुदीक्षेची वार्ता, कोणाच्या आजोबांचे मृत्युलेख त्यांत अडकून पडले आहेत.

युनिकोडमुळे प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला जगभर एकच क्रमांक मिळाला व ही अडचण मिटली. तरीही सुबक फॉन्टच्या मोहाने सूचना चित्र करून पाठवण्याची सवय वाढली आहे. चित्रातील नाव शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ते धूसर होते, आणि अंध बांधवांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला सामान्यतः तेथे काहीच सापडत नाही. म्हणून पहिला नियम असा : मजकूर हा मजकूर म्हणूनच द्यावा. छायाचित्र सोबत असू द्यावे, पण त्याने मजकुराची जागा घेऊ नये.

वाचक कोठे आहे?

मुरबे हे पालघर तालुक्यातील, सातपाटीच्या खाडीपलीकडचे मच्छिमारांचे गाव. येथील माणूस वाचतो तो बंदरावर, डोळ्यांवर ऊन घेत. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणारा तरुण वाचतो तो गर्दीच्या गाडीत, एका हाताने. घरी आजी वाचते ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. पान या तिघांसाठी हवे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत एका देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. ७५० शब्दांचा लेख म्हणजे सुमारे १५ किलोबाइट. त्याच सूचनेचे तीन मेगाबाइटचे चित्र त्याच्या दोनशेपट भरते. रेंज मंद असली की मजकूर येतो, चित्र मात्र वाटेत अडकते.

मांडणीचे काही नियम

१. रंग : फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवावीत. आगमनकाळाचा जांभळा किंवा पेन्टेकॉस्टचा लाल रंग वेदीवर शोभतो, अक्षरांखाली नव्हे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

२. ओळींतील अंतर : देवनागरीत रफार, मात्रा व अनुस्वार वर, तर उकार खाली येतात. रोमन लिपीला पुरणारे अंतर आपल्याला अपुरे पडते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर ठेवावे.

३. ओळीची लांबी : संगणकाच्या रुंद पडद्यावर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की नजर पुढची ओळ चुकते. एका ओळीत साधारण ६० ते ७० अक्षरे पुरेत.

४. कडा : डावी कड सरळ ठेवून उजवी मोकळी सोडावी. मराठी शब्द लांब असतात. दोन्ही कडा जुळवल्या की अरुंद पडद्यावर मध्येच मोठ्या फटी पडतात. अक्षरे सुटी करण्याचा हव्यासही नको, कारण शिरोरेखा तुटते.

५. शीर्षके : उपशीर्षक केवळ ठळक न करता त्याला शीर्षकाची खूण द्यावी. वाचून दाखवणारी प्रणाली त्यावरूनच पुढे जाते.

६. वेळापत्रक : रिकाम्या जागा टाकून रकाने जुळवू नयेत. मोबाइलवर ते विस्कटतात. ‘रविवार, सकाळी ७ वाजता’ असे प्रत्येक मिस्सा स्वतंत्र ओळीवर लिहावे.

७. भाषा : पान मराठीत आहे अशी नोंद आत करावी. त्यामुळे योग्य फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. टंकलेखनात ‘र्‍या’ व ‘र्या’ यांतील भेद पाळावा. मच्छिमार दर्यावर जातो, दऱ्यांत नव्हे.

एक छोटी परीक्षा

मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी घरातील सर्वांत जुना मोबाइल घ्यावा, उन्हात उभे राहावे आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तो मोठ्याने वाचावयास सांगावे. ती जेथे अडखळेल, तेथे दुरुस्ती हवी.

दुःखित कुटुंबाला अंत्यविधीची वेळ कळावी, आजाऱ्याला घरबसल्या रविवारची वाचने वाचता यावीत, यासाठी आपण लिहितो. त्यांच्या आणि मजकुराच्या मध्ये आपली सजावट उभी राहू नये. धर्मग्रामांतील वार्ताहरांनी व युवक-युवतींनी ही सेवा याच भावनेने करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. प्रभू आपल्या कार्यास आशीर्वाद देवो.