पट चौदा, शिक्षक एक: गावातली छोटी उर्दू शाळा चालते तरी कशी?

दोन वर्गखोल्या, एक शिक्षक आणि चौदा मुलं. कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात, मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवर किंवा अकोला-बुलढाण्याकडच्या लहान गावात अशा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आपण पाहिल्या आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच शाळेत अलिफ-बे शिकले. पण या शाळेचा विषय घरात निघतो तो दोनच वेळा: मुलाचं नाव घालताना आणि शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली की. मधल्या काळात ती कशी चालते, शिक्षक किती हे कोण ठरवतं, पैसा कुठून येतो, याची माहिती फार थोड्या पालकांना असते.

ही माहिती असणं गरजेचं आहे. छोट्या शाळेचं भवितव्य बहुतेक वेळा हजेरीपटावरच्या एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा वेळेत सांभाळणं बऱ्याच अंशी पालकांच्या हातात असतं.

शाळा नेमकी कोणाची?

गावातली शाळा जिल्हा परिषदेची असते. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी आणि जवळपासच्या काही शाळा मिळून एक केंद्रप्रमुख, अशी ही साखळी आहे. शाळेची कुठलीही अडचण आधी केंद्रप्रमुखांकडे, मग तालुक्याला आणि शेवटी जिल्ह्याला जाते. थेट वर अर्ज केला तरी तो बहुधा खालीच अहवालासाठी येतो. म्हणून अर्जाची एक प्रत केंद्रप्रमुखांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही संविधानाच्या कलम ३० खाली येणारी अल्पसंख्याक संस्था नाही. ती सरकारी शाळा आहे, फक्त तिचं माध्यम उर्दू आहे. त्यामुळे सरकारी शाळेचे सगळे नियम तिला लागू होतात, आणि सरकारी शाळेच्या सगळ्या सोयींवर तिचा हक्कही आहे.

शिक्षक किती, हे कसं ठरतं?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन, असा हिशेब आहे. मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद दीडशेच्या पुढे मिळतं. म्हणून छोट्या शाळेत शिकवणारे सरच मुख्याध्यापकाचं कामही बघतात.

दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून ‘संचमान्यता’ होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं. पट कमी झाला तर शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक आणि गरज पडली तर दुसऱ्या जागी निवृत्त शिक्षक, अशी तरतूद आली. शिक्षक संघटनांनी तिला जोरदार विरोध केला. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे आपल्या शाळेची चालू वर्षाची संचमान्यता मुख्याध्यापकांकडून मागून पाहावी.

उर्दू शाळेची अडचण इथे दुप्पट होते. गावातल्या मराठी आणि उर्दू शाळेचा पट वेगवेगळा मोजला जातो. शेजारच्या मराठी शाळेतले सर उर्दू शाळेच्या मंजूर पदावर येऊ शकत नाहीत, त्यासाठी उर्दू माध्यमातून डी.एड. किंवा बी.एड. झालेला उमेदवार लागतो. भरतीत आरक्षित प्रवर्गांतून उर्दूचे असे उमेदवार कमी मिळतात आणि जागा रिकाम्या राहतात. म्हणजे पद मंजूर आहे, पण वर्गात शिक्षक नाही, अशी स्थिती होते. ‘पद मंजूर नाही’ आणि ‘पद मंजूर आहे पण रिक्त आहे’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अर्ज लिहिताना आपली तक्रार यातली कुठली, ते आधी समजून घ्यावं.

एक शिक्षक, चार इयत्ता

अशा शाळेत घड्याळी तासाप्रमाणे वेळापत्रक चालत नाही. परिपाठ सगळ्यांचा एकत्र होतो. मग पहिली-दुसरीचा एक गट आणि तिसरी-चौथीचा दुसरा. एका गटाला शिकवताना दुसऱ्याला लेखनाचं काम दिलेलं असतं. चौथीची मुलगी पहिलीच्या मुलाला वाचून दाखवते. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. चांगला शिक्षक असेल तर याचा फायदाही होतो, कारण चौदा मुलांत कोण कुठे अडकलंय हे लपत नाही.

खरी अडचण येते शिक्षक शाळेबाहेर गेला की. केंद्राची बैठक, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, शिवाय ऑनलाइन माहिती भरणं: यू-डायस, पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी. मोठ्या शाळेत ही कामं दहा जणांत वाटली जातात, इथे सगळी एकाच माणसावर येतात. कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. सर वारंवार बाहेर असतील तर त्यांच्याशी भांडण्याआधी त्यांना कुठल्या कामाला पाठवलं जातंय, हे विचारावं.

पैसा कुठून येतो?

शिक्षकाचा पगार शासनाकडून येतो. पाठ्यपुस्तकं मोफत असतात, बालभारती ती उर्दूतही छापते. दुपारच्या जेवणासाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याचा निकष आहे, आणि २५ पर्यंत पट असलेल्या शाळेला स्वयंपाकासाठी एक मदतनीस मिळते.

खडू, वीजबिल, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती यासाठी समग्र शिक्षा अभियानातून वार्षिक अनुदान मिळतं. तेही पटावरच ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. पट एकतीसवरून तीसवर आला की पंधरा हजार रुपये कमी. पण छत तेवढंच गळतं आणि वीजबिलही तेवढंच येतं. मोठ्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेचं काम घालून घ्यावं लागतं आणि त्यासाठी ग्रामसभेत बोलावं लागतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्या मोहल्ल्यातून तिथे किती जण जातात?

बंद होण्याची भीती

महाराष्ट्राच्या नियमांनुसार वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची आणि तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची शाळा असायला हवी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४ हजार ८०० शाळांचा विषय पुढे आला. अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले, त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली. मुलांना जास्त सोबती, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळेल, हा त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण मराठी शाळा बंद झाली तर पुढची मराठी शाळा दोन-तीन किलोमीटरवर सापडेल. पुढची उर्दू शाळा कदाचित पंधरा किलोमीटरवर असेल. मग मुलाला माध्यम बदलावं लागतं, आणि मुलगी असेल तर कधीकधी शाळाच सुटते. संविधानाचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला राज्याला सांगतं. समायोजनाच्या चर्चेत ही गोष्ट लेखी मांडावी.

पट कमी म्हणजे शाळा लगेच बंद, असंही नाही. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरची शाळा २०२३ मध्ये एका विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकासह चालू होती. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेचा पट तर तीनवर आला होता. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून तो शंभराच्या पुढे नेला.

पालकांच्या हातात काय आहे?

१. आधार आणि नाव. संचमान्यतेत आधार पडताळणी झालेली मुलं धरली जातात. शाळेत ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘मोहम्मद शेख’, जन्मदाखल्यावर तिसरंच काही, असं आपल्या घरांत सर्रास असतं. मूल रोज शाळेत येतं, पण मोजलं जात नाही. ही दुरुस्ती जून-जुलैतच करून घ्या.

२. स्थलांतर. ऊसतोड, वीटभट्टी किंवा मजुरीसाठी बाहेर जाताना शाळेला न सांगता जाऊ नका. ‘शिक्षण हमी पत्रक’ मागून घ्या, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकेल.

३. शाळा व्यवस्थापन समिती. तिचे ७५ टक्के सदस्य पालक असतात, अध्यक्षही पालकांतूनच होतो आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. दर महिन्याला बैठक व्हायला हवी. आईने नुसती सही करून घरी परत येऊ नये. अनुदान किती आलं आणि कशावर खर्च झालं, हे विचारण्याचा तिला कायद्याने अधिकार आहे.

४. शाळा विकास आराखडा. कायद्याच्या कलम २२ नुसार समिती तो तयार करते आणि शासनाच्या अनुदानासाठी तोच आधार धरला जातो. रिक्त पद, गळकं छत, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं त्यात लिहा. आराखड्यात नसलेली मागणी तालुक्याला पोचत नाही.

५. लेखी तक्रार. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली तर तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तिथे दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

आपली मुलं इंग्रजी माध्यमात घालायची की उर्दू, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण ज्या घराला पंधरा किलोमीटरवरच्या शाळेची फी आणि रिक्षा परवडत नाही, त्या घरासाठी मोहल्ल्यातली शाळा ही एकच शाळा आहे. ज्यांची मुलं तिथे शिकत नाहीत, त्यांनीही ३० सप्टेंबरच्या आधी एकदा तिथे जाऊन विचारावं: सर, पट किती, आणि कोणाचं आधार राहिलंय?