मर्यादवेल : पुळणीची राखणदार

गणपतीपुळ्याच्या देवळासमोरून किनाऱ्यावर उतरलं की नजर थेट पाण्याकडे जाते. तिथली गर्दी मागे टाकून मालगुंडच्या दिशेनं चालत राहिलं, तर भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत जाड, तुकतुकीत पानांची एक वेल पसरलेली दिसते. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल जांभळट गुलाबी, सकाळी उमलून दुपारपर्यंत मलूल होणारं. ही मर्यादवेल. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-कॅप्री. उपासाला खातो ते रताळंही याच प्रजातीतलं.

खारा वारा, पायाला चटके देणारी वाळू आणि जवळजवळ शून्य सेंद्रिय अंश अशा ठिकाणी ही वेल वर्षानुवर्षं जगते. तिचं मुख्य मूळ खोल जातं आणि जमिनीवर धावणारी खोडं पेरापेराला नवी मुळं सोडतात. वाऱ्यानं वाळू अंगावर आणून टाकली तर शेंडा पुन्हा वर येतो. पानांमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो, त्यातली वाळू खाली पडते, वेल त्या वाळूवर चढते, मग आणखी वाळू अडते. अशी हळूहळू वाळूची टेकाडं तयार होतात. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर समुद्र तिच्यातली बरीच परत आणतो. मधल्या काळात मागच्या माडांच्या वाड्यांना लाटांपासून आडोसा देतात ती हीच टेकाडं. लाटांनी वेलीचा पुढचा भाग तोडला, तरी त्याचे तुकडे दुसरीकडे रुजतात.

तिच्या बिया खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने तरंगून पुन्हा रुजू शकतात. त्यामुळेच जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ती आढळते.

औषध म्हणून किनारपट्टीवर तिची पानं वाटून सुजेवर, दुखऱ्या सांध्यांवर लेप लावतात. थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर ती पूर्वापार वापरली जाते आणि तिथल्या संशोधकांनी तिच्या अर्काचं मलमही तपासलं. १९९० च्या सुमारास थायलंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी पानांतून बीटा-डॅमॅसिनोन आणि ई-फायटॉल ही द्रव्यं वेगळी केली; प्रयोगशाळेत त्यांनी आखडलेले स्नायू सैल केल्याचं दिसलं. लोकांच्या अनुभवाला रसायनशास्त्राचा असा दुजोरा मिळाला की आनंद होतो. पण ही वेल पोटात घेऊ नये. जुलाबाचा काळादाणा तिच्याच भावकीतला, आणि या प्रजातीतल्या अनेक वनस्पतींची राळ आतड्यांना झोंबणारी असते. जेलीफिश डसून श्वास लागला, छातीत दुखलं, तर पाला शोधत न बसता तडक दवाखाना गाठावा.

लावायला ती फार सोपी. पहिला पाऊस स्थिरावला की तीन-चार पेरांचे, साधारण हातभर लांबीचे तुकडे घ्यावेत. खालची पानं काढून दोन पेरं वाळूत गाडावीत आणि दोन तुकड्यांत मीटरभर अंतर ठेवावं. पावसानं दडी मारली तर मुळं धरेपर्यंत पाणी द्यावं, नंतर गरज नाही. बियांपासून रोपं करायची असतील तर टणक साल पॉलिश पेपरवर थोडी घासून बी रात्रभर भिजवावं. खत नको, सावली तर मुळीच नको. वाडीच्या समुद्राकडच्या मोकळ्या, रेताड कडेला ती उत्तम येते. पाणी साचणाऱ्या चिकट मातीत मात्र कुजते.

सावलीचा मुद्दा किनाऱ्यालाही लागू आहे. कोकणात अनेक ठिकाणी धूप थांबावी म्हणून सुरूची बनं लावली गेली. दाट सुरूखाली ऊन पोचत नाही, गळलेल्या काड्यांचा थर साचतो आणि मर्यादवेल मागे हटते. जिथं ती आधीपासून आहे तिथं सुरू लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकाडांना सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात ठेवलं आहे. तरी वाळूवरच्या मोटारसायकली त्यावरूनच जातात, आणि किनारा ‘स्वच्छ’ करताना वेलही उपटली जाते. बाटल्या, पिशव्या तिच्यातून हातानं वेचाव्यात, यंत्र फिरवू नये. माणसांना पाण्याकडे जायला ठरलेल्या दोन-तीन पायवाटा सोडाव्यात. त्यांच्या मधली वेल मग आपोआप भरून येते.