मोठी रक्कम आणि आपली सही

दूधवाल्याचा, किराणावाल्याचा, भिशीचा हिशेब घरात कोण ठेवतं? आपणच! दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालतो, गॅस सिलिंडर कुठल्या तारखेला लावला तेही आपल्याला तोंडपाठ असतं. पण घरात दहा लाख रुपये यायचे असले, की चित्र एकदम पालटतं. पुरुष मंडळी बैठकीत बसून ठरवतात, आपण आत चहा टाकतो. थोड्या वेळानं एक फॉर्म स्वयंपाकघरात येतो. ‘इथं सही कर गं जरा.’ आपण ओले हात पदराला पुसतो आणि सही करून मोकळ्या होतो. फॉर्म कसला, रक्कम किती, ती कुठं चालली? विचारायचं राहूनच जातं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागात बचत गटांचं काम करते. गटाच्या वह्या अगदी चोख असतात हो, शंभर रुपयांचा फरक निघाला तरी बायका रात्री झोपत नाहीत. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दरमहा पंधराशे मंजूर झाले, तेव्हा आधार जोडण्यासाठी याच बायका भर पावसात बँकेच्या दारात रांगा लावून उभ्या होत्या. पंधराशेसाठी एवढी जागरूकता असलेली बाई पंधरा लाखांच्या वेळी मात्र मागं का सरते, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

आणि मोठी रक्कम बाईच्या आयुष्यात येतच नाही असं थोडंच आहे? नवऱ्याच्या माघारी विम्याचे किंवा फंडाचे पैसे येतात. रस्त्यात जमीन गेली, की तिचा मोबदला येतो. माहेरच्या जमिनीचा वाटा येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. कागदावर नाव चढलं. पण त्या नावापोटी आलेला पैसा किती जणींच्या खात्यावर एक रात्र तरी मुक्कामाला राहतो?

आमच्या भागातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. नाव-गाव मुद्दाम देत नाही. नवरा अपघातात गेला. विम्याचे नऊ लाख यांच्या खात्यावर जमा झाले. दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही कशाला बँकेच्या चकरा मारता? दोन सह्या करा, बाकीचं मी बघतो.’ एक सही चेकवर झाली, दुसरी आरटीजीएसच्या कोऱ्या फॉर्मवर. पैसे ‘तात्पुरते’ दिरांच्या खात्यावर गेले. दीड वर्षानं मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फी भरायची वेळ आली. दीर म्हणाले, ‘पैसे ट्रॅक्टरमध्ये अडकलेत. दिवाळीनंतर बघू.’

दीर लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो पैसा घराचाच समजला, आणि वहिनीही घरातलीच! पण मुलीची फी दिवाळीपर्यंत थांबत नाही ना! वहिनींच्या हातात एकच पुरावा होता, तो म्हणजे पासबुक. त्यात तारीख, रक्कम, ज्याच्या खात्यावर पैसे गेले त्याचं नाव, सगळं छापलेलं होतं. ते पासबुक समोर ठेवूनच घरातल्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली आणि निम्मी रक्कम हप्त्यानं, चेकनं परत यायला लागली. हेच पैसे पिशवीतून रोख गेले असते तर?

म्हणून पहिली गोष्ट: मोठी रक्कम बँकेतूनच फिरू द्या. बँकेतून गेलेला पैसा आपला माग ठेवून जातो. कायद्याचाही तसाच दंडक आहे. एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम स्वीकारता येत नाही. जमीन-घराच्या व्यवहारात तर वीस हजारांपासूनच रोख घ्यायला बंदी आहे. ‘थोडे चेकनं, थोडे हातावर’ असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. हातावरचे पैसे उद्या नाकारले गेले, तर साक्षीला कोण येणार?

आता हे पैसे पाठवायचे कसे, ते समजून घेऊ. नावं इंग्रजी आहेत, पण काम सोपं आहे. मोबाइलवरच्या यूपीआयनं आपण एरवी एकमेकींना पैसे पाठवतो, त्याला साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. दोन लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी आहे आरटीजीएस. २००४ पासून ही पद्धत सुरू आहे. यात रक्कम लगेच, एकटीच, थेट दुसऱ्या बँकेत पोचते. एनईएफटीत रक्कम कितीही छोटी चालते, दर अर्ध्या तासाला जमलेले सगळे व्यवहार एकत्र पुढं जातात, जशी एसटी वेळ झाली की सुटते तशी! एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. पण हे मोबाइल किंवा इंटरनेट बँकिंगवाल्यांसाठी. काउंटरवरून पाठवायचे तर बँकेच्या वेळेतच जावं लागतं. काउंटरवर शुल्कही फार नाही. आरटीजीएसला पाच लाखांपर्यंत पंचवीस रुपयांच्या आत, त्यापुढं पन्नास रुपयांच्या आत, वर जीएसटी.

फॉर्म भरताना सगळ्यात जपायचा तो खाते क्रमांक. आपल्याला वाटतं, नाव बरोबर लिहिलं म्हणजे पैसे त्याच माणसाला जाणार. तसं नाही! मशीन नाव बघत नाही, आकडा बघतं. एक आकडा चुकला आणि त्या आकड्याचं खातं खरोखर कुणाचं तरी असलं, तर पैसे तिकडं जातात. तेवढ्यासाठी रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत एक सोय द्यायला सांगितली. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला, की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. काउंटरवरही विचारता येतं, ‘साहेब, या नंबरवर नाव कुणाचं येतंय?’ विचारायला लाजायचं कशाला? आयएफएससी अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटच्या सहा खुणा शाखेच्या आणि मधली पाचवी खूण शून्य असते. बऱ्याच जणी तिथं इंग्रजी ‘ओ’ लिहितात आणि फॉर्म परत येतो.

आमच्या गटात आम्ही एक रिवाज पाडलाय. नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठवायची, तर आधी शंभर रुपये पाठवायचे. समोरच्याला फोन करून ‘आले का?’ विचारायचं. आले, तर दुसऱ्या दिवशी बाकीचे. तीळ शिजवून मग तांदूळ टाकण्यातला प्रकार वाटेल, पण यानं रात्रीची झोप लागते.

काउंटरवर आरटीजीएससाठी चेकवर ‘युवरसेल्फ’ लिहायची पद्धत आहे. नुसतं तेवढं लिहून फॉर्म कोरा ठेवला, तर पुढं तो फॉर्म कुणीही, कसाही भरू शकतो. म्हणून चेकवरच ‘युवरसेल्फ’च्या पुढं आरटीजीएस कुणाच्या नावानं, ते लिहावं. फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय सही नाही. आणि काम झालं, की शिक्का मारलेली पोच आणि यूटीआर नंबर घ्यायचा. पैसे पोचले नाहीत, तर शोध त्याच नंबरावरून लागतो. एनईएफटीचे पैसे समोरच्या खात्यावर जमा होऊ शकले नाहीत, तर दोन तासांत परत फिरवणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याजासकट.

पैसे सुखरूप पोचले, तरी पुढचा प्रश्न उरतोच: ते कुठल्या बँकेत ठेवायचे? नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. नगर अर्बन बँक म्हणजे शंभरी ओलांडलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाची बँक. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि खात्यातून फक्त दहा हजार काढता येतील असं सांगितलं. ४ ऑक्टोबर २०२३ ला तर परवानाच रद्द झाला. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी ठेवलेले पैसे समोर दिसत होते, पण हलवता येत नव्हते. यातून शिकायचं काय? बँकेतल्या ठेवीला विमा असतो. एका बँकेत एका व्यक्तीला, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० आधी हीच मर्यादा एक लाख होती. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं होतं, की सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना या विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल. हाल झाले ते उरलेल्यांचे, ज्यांची आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी होती.

म्हणून बारा लाख आले, तर ते एकाच बँकेत ठेवू नयेत. तीन बँकांत विभागावेत. आणि एक लक्षात ठेवा, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना हे विम्याचं कवच नसतं. बोर्ड कितीही झगमगीत असो, व्याज कितीही जास्त असो!

आता एक नवं संकट आलंय. फोन येतो, समोर खाकी गणवेशातला माणूस दिसतो. ‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे. फोन ठेवू नका. घरात कुणाला सांगू नका. खात्यातले सगळे पैसे तपासासाठी या खात्यावर पाठवा.’ याला म्हणतात ‘डिजिटल अरेस्ट’. आपल्या कायद्यात असली कुठलीही अटक नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका अशीच ठेव मोडायला बँकेत गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, ‘मावशी, एवढे पैसे कुणाला पाठवताय?’ मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं बाहेर पडलं. त्या एका प्रश्नानं त्यांची जन्माची कमाई वाचली. ‘कुणाला सांगू नका’ असं जो म्हणतो, त्याच्याबद्दल सगळ्यात आधी सांगायचं! पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, यांच्या खात्यावरून माझ्या खात्यावर पैसे आले, तर टॅक्स बसतो का?’ नाही. नवऱ्यानं, भावानं, आईवडिलांनी दिलेल्या भेटीवर, रक्कम कितीही असली तरी, कर नाही. फक्त नवऱ्यानं दिलेल्या रकमेवरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. एखादा साधा कागद लिहून ठेवला की झालं. म्हणजे ‘टॅक्सची भानगड नको, पैसे माझ्याच नावावर राहू दे’ या सबबीत काही अर्थ नाही.

बाईनं स्वतःचं वेगळं खातं ठेवणं आपल्या मातीला नवं नाही, बरं का! आपला जिल्हा आता ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. होळकरांच्या घरात राज्याची दौलत वेगळी आणि राणीची ‘खासगी’ वेगळी. ही खासगी १७३४ मध्ये अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाईंना मिळाली होती, पुढं ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरातले घाट, देवळं, धर्मशाळा यांवरचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. घराशी त्यांनी वैर धरलं का? उलट, स्वतःचा हिशेब स्वतःच्या हातात होता म्हणूनच त्या एवढं करू शकल्या.

नवऱ्यावर, दिरावर, मुलावर अविश्वास दाखवा असं मी अजिबात म्हणत नाही. संयुक्त खातं काढा, ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचं, पण त्यात तुमचं नाव हवं आणि पासबुक तुम्ही वाचलेलं हवं. वारसनोंद करा, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांची नावं लावता येतात. आणि पैसे कुणाला द्यायचेच असतील, तर खुशाल द्या, पण स्वतः बँकेत जाऊन, फॉर्म स्वतः वाचून, ‘हे मी दिले’ हे जाणून द्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी फॉर्म स्वयंपाकघरात आला, तर गॅस बारीक करा. चष्मा लावा. नाव, खाते क्रमांक, रक्कम, तीन ओळी तर वाचायच्या आहेत! चहा दोन मिनिटं उशिरा झाला, तरी कुणाचं काही बिघडत नाही.