दोन गट आणि एक तराजू

सावित्रीच्या खोऱ्यात कबड्डीविषयी बोलू लागले की ऐकणाऱ्यांत तज्ज्ञ नाही असा माणूस सापडणे कठीण. महाड आणि पोलादपूर ही दोन्ही गावे एकाच नदीवरची. वरच्या अंगाला पोलादपूर, खाली गांधारीच्या संगमाजवळ महाड. चढाई कशी करावी आणि पकड कोठे चुकली हे येथे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. म्हणून खेळाच्या कौशल्याविषयी आम्ही येथे काही सांगणार नाही. आमचा विषय थोडा रुक्ष आहे, पण अखेर खेळाडूच्या नशिबाशी त्याचा संबंध पोहोचतो. स्पर्धेतील संघ दोन गटांत विभागले, आणि प्रत्येक संघाचे पलीकडच्या गटातील काही निवडक संघांशीच सामने ठेवले, तर कोणाच्या वाट्याला अवघड सामने आले आणि कोणाच्या वाट्याला सोपे, हे मोजावे कसे?

प्रथम हा प्रश्न उत्पन्न का होतो ते पाहू. आठ संघ असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले, तर अठ्ठावीस सामने होतात. बारा संघांना सहासष्ट लागतात. एवढे दिवस, एवढे पंच आणि एवढा खर्च कोणत्याही मंडळाला सहज परवडत नाही. बाद पद्धत ठेवावी तर एका वाईट दिवसाने चांगला संघ घरी जातो. म्हणून मधला मार्ग निघाला : दोन गट पाडावे, गटात सर्वांनी सर्वांशी खेळावे, आणि पलीकडच्या गटाशी थोडेसे सामने ठेवावे. मार्ग सोयीचा आहे यात शंका नाही. पण त्यात एक अडचण दडलेली आहे.

ती उदाहरणानेच स्पष्ट होईल. अशी कल्पना करू की महाड गटात क, ख, ग, घ असे चार संघ आहेत आणि पोलादपूर गटात प, फ, ब, भ असे चार. प्रत्येकाने आपल्या गटात तीन सामने खेळावे आणि पलीकडे दोन. महाड गटात क आणि ख यांनी दोन-दोन सामने जिंकले, ग आणि घ यांनी एकेक. पोलादपुरात प ने तिन्ही जिंकले, फ ने दोन, ब ने एक आणि भ ने एकही नाही. आता पलीकडचे सामने पाहा. क च्या वाट्याला प आणि फ आले. तो प कडून हरला, फ ला त्याने हरवले. ख च्या वाट्याला ब आणि भ आले. त्याने दोघांनाही हरवले. ग हा प कडून हरला व ब शी जिंकला. घ हा फ कडून हरला व भ शी जिंकला. हिशेब झाला : ख चे विजय चार, क चे तीन. तक्त्यात ख पहिला आणि क दुसरा. पण ख हा क पेक्षा खरोखर सरस ठरला काय?

येथे पहिले माप उपयोगी पडते. प्रतिस्पर्ध्यांचे विजय मोजावे, मात्र ज्या संघाचा हिशेब करतो आहोत त्याच्याशी झालेला सामना वगळून. हे वगळणे विसरू नये. नाहीतर जो संघ सर्वांना हरवतो त्याचे प्रतिस्पर्धी त्याच्याच पराक्रमामुळे दुबळे दिसू लागतात. आपल्या उदाहरणात क चे पलीकडचे दोन प्रतिस्पर्धी उरलेले आठ सामने खेळले आणि त्यांतले सात जिंकले. ख च्या दोघांनी आठांपैकी एकच जिंकला. सात आणि एक! तक्त्यात क व ख यांच्यात एकाच विजयाचे अंतर आहे. पण ते अंतर कोठून आले हे आता दडून राहत नाही.

तरी एवढ्यावर थांबून चालणार नाही. प ने आपल्या गटात तिन्ही सामने जिंकले, पण त्याचा गटच कच्चा असेल तर? म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धीही तपासावे लागतात, मग त्यांचेही. एका संघाचे बळ दुसऱ्यावरून ठरवायचे आणि दुसऱ्याचे पहिल्यावरून, असे हे चक्र आहे. गणिती लोक ते असे सोडवतात : आरंभी सर्वांचे बळ सारखे धरावे, निकालांवरून ते सुधारावे, सुधारलेल्या बळावरून पुन्हा हिशेब करावा, आणि आकडे हलेनासे झाले की थांबावे. यंत्रावर हे क्षणात होते. वहीवर एका संध्याकाळचे काम आहे.

एक गोष्ट मात्र गणिताशिवायही कळते. गटातल्या गटात कितीही सामने खेळले तरी एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराजय. आपल्या उदाहरणात प्रत्येक गटात सहा सामने झाले, म्हणून विजयही सहाच. महाड गटाचे एकूण विजय अकरा आणि पोलादपूर गटाचे नऊ. हा फरक सर्वस्वी पलीकडच्या आठ सामन्यांतून आला, कारण त्यांतले पाच महाडने जिंकले आणि तीन पोलादपूरने. तात्पर्य, कोणता गट बळकट हे गटातील निकाल कधीच सांगत नाहीत. ते सांगण्याचे सामर्थ्य केवळ पलीकडच्या सामन्यांत आहे. नदीच्या दोन काठांना जोडणारा तो साकव आहे. तो जितका अरुंद, तितकी तुलना डळमळीत.

हे केवळ कल्पनेतले आहे असे वाचकांनी समजू नये. व्यावसायिक कबड्डीच्या लीगमध्ये २०१७ साली बारा संघांचे दोन विभाग करण्यात आले. प्रत्येक संघाने बावीस सामने खेळायचे होते : पंधरा आपल्या विभागात, सात पलीकडे. मुंबई आणि पुणे हे दोन्ही महाराष्ट्राचे संघ 'अ' विभागात होते. साखळी संपली तेव्हा पुण्याचे ८० गुण होते आणि हरियाणाचे ७९; पण त्या विभागात गुजरात ८७ गुणांनी वर असल्याने पुणे दुसरे आणि हरियाणा तिसरे. 'ब' विभागात बंगाल ७७ गुणांवर पहिले आले. विभागात पहिल्या येणाऱ्या संघास हरल्यावरही आणखी एक संधी मिळे. दुसऱ्या-तिसऱ्यास मिळत नसे. म्हणजे ८० गुणांच्या पुण्याला एका पराभवाची धास्ती, आणि ७७ गुणांच्या बंगालला ती नाही!

मग 'अ' विभागावर अन्याय झाला असे म्हणावे काय? येथे घाई करू नये. पुढे 'ब' विभागातल्या पाटण्याने, म्हणजे ७१ गुणांच्या संघाने, प्रथम हरियाणाला, मग पुण्याला आणि अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे हरवून विजेतेपद नेले. 'अ' विभागाच्या तिन्ही संघांना त्यानेच बाहेर काढले. साखळीचे गुण बळाची खूण आहेत, साक्षात बळ नव्हेत. २०१९ साली या लीगने विभागच काढून टाकले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे असे ठरवले. गंमत अशी की सामने पूर्वीइतकेच, बावीसच, राहिले. एकही सामना न वाढवता तराजू सरळ झाला.

क्रिकेटमध्येही याचे मोठे उदाहरण आहे. रणजी करंडकाचे सामने दीर्घकाळ विभागवार होत. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने तो करंडक जिंकला. त्या काळी पश्चिम विभागात असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या किंवा बडोद्याच्या संघास विचारावे! दुसऱ्या विभागात जो संघ सहज पुढे गेला असता, तो येथे मुंबईच्या सावलीत राहिला.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये हाच वाद पिढीभर चालला. तेथील आग्नेय भागातील विद्यापीठांच्या संघटनेने १९९२ साली बारा संस्थांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग केले. पुढे संस्था चौदा झाल्या. तेव्हा प्रत्येक संघाला पलीकडच्या विभागातील एक प्रतिस्पर्धी कायमचा नेमलेला असे आणि दुसरा दरवर्षी पाळीने येई. ज्याला बलाढ्य संघ कायमचा मिळाला त्याने दरवर्षी तक्रार करावी, आणि ज्याला दुबळा मिळाला त्याने परंपरेचे गोडवे गावे, असे चाले. उरलेल्या सहा संघांशी गाठ सहा वर्षांतून एकदा. म्हणजे एखादा विद्यार्थी शिकून बाहेर पडेपर्यंत काहींची तोंडओळखही होत नसे. २०२४ साली तेथेही विभाग मोडीत निघाले.

आता आपल्याकडे वळू. गावच्या मैदानावरच्या स्पर्धेला एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. पण चषक हे वरवरचे आहे. स्पर्धेत संघ किती पुढे गेला यावरून खेळाडू नजरेत भरतो. तेथून जिल्ह्याच्या संघाची वाट, आणि पुढे खेळाडूंसाठी राखलेल्या जागांतून पोलिसांत किंवा रेल्वेत नोकरीची आशा. आमच्या उदाहरणातील क संघाचा एखादा तरबेज मुलगा केवळ सामने वाटण्याच्या पद्धतीमुळे मागे राहिला, तर त्याचे नुकसान कोणत्या तक्त्यात दिसणार?

उपाय फारसे कठीण नाहीत. भाग्यपत्रिका काढताना साऱ्या चिठ्ठ्या एकाच हंडीत टाकू नयेत. मागील कामगिरीवरून प्रत्येक गटाच्या वरच्या संघांची एक हंडी आणि खालच्यांची दुसरी करावी, आणि प्रत्येकाला पलीकडचा एक वरचा व एक खालचा प्रतिस्पर्धी द्यावा. गुण समान झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचा हिशेब विचारात घेतला जाईल, हे स्पर्धेपूर्वीच जाहीर करावे. निकाल लागल्यावर काढलेला नियम कितीही न्याय्य असला तरी कोणास न्याय्य वाटत नाही. आणि तक्त्यात विजयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : कोणाशी खेळून हे विजय मिळाले. या एका रकान्याला खर्च काहीच नाही. पण ज्याच्या वाट्याला घाटाची चढण आली आणि ज्याच्या वाट्याला सपाट रस्ता आला, त्यांची चाल एकाच घड्याळाने मोजू नये, एवढी जाणीव तो ठेवील.